एका ‘कीप’चं खरं भाषांतर

गोंदियात कचेरीच्या रस्त्यावर माझं आठ बाय दहाचं दुकान होतं. एकतीस वर्षं होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘भाषांतर व टंकलेखन : मराठी, हिंदी, इंग्रजी’. त्याखाली पेंटरनं आपल्या मनानं ‘शीघ्र व अचूक’ असं जोडून दिलं होतं. यातलं शीघ्र खरं होतं.

हा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, कारण भाषांतर हा धंदा असतो हेच पुष्कळांना पटत नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. आमच्या भागातला माणूस घरी झाडीबोली बोलतो नाहीतर पोवारी, बाजारात हिंदी बोलतो, अर्ज मराठीत करतो आणि भितो इंग्रजीला. त्याचं भांडण मात्र शेवटी ज्या भाषेला तो भितो त्याच भाषेत जाऊन पोचतं. तो आपली हकिकत बोलीत सांगणार, वकील त्याला हिंदीत उलटसुलट विचारणार, मुन्शी ती मराठीत उतरवणार आणि मी तिचं इंग्रजी करणार. चार भांड्यांतून ओतलेल्या दुधासारखं आहे हे. दर भांड्याला थोडं चिकटून राहतं, आणि शेवटच्या भांड्यात काय उरलं ते मूळ मालकाला कोणी दाखवत नाही. मग मी खाली एक गोल शिक्का मारायचा. त्यावर अक्षरं होती : ‘खरे भाषांतर’.

लोकांना वाटतं, भाषांतरकार मोठमोठ्या इंग्रजी शब्दांना अडतो. अजिबात नाही. मोठे शब्द गरीब असतात. जन्मभर एकच काम करतात, कोशात सापडतात आणि मान खाली घालून वाक्यात बसतात. दगा देतात ते चार अक्षरांचे शब्द. त्यातही माझं जुनं वैर ‘कीप’शी. पाचवीतलं पोरगंही सांगेल, कीप म्हणजे ठेवणे. इथूनच घात सुरू होतो.

शहराबाहेरच्या एका राईस मिलचे शेठ एकदा दुकानात आले. म्हणाले, “मास्टरजी, गेट पर ऐसा बोर्ड चाहिए कि कोई बिना पूछे अंदर न घुसे. इंग्लिश में दो. इंग्लिश से लोग डरते हैं.” मी ऐटीत दोन शब्द टाइप करून दिले, ‘कीप आउट’. शेठनी ते लाल रंगात रंगवून घेतले. धानाचा हंगाम होता. फाटकावर नवा मुनीम होता, बारावीपर्यंत शिकलेला, आपल्या इंग्रजीचा अभिमान बाळगणारा. पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना त्यानं बोर्ड वाचून अर्थ सांगितला : कीप म्हणजे ठेवा, आउट म्हणजे बाहेर, शेठचा हुकूम आहे. लोकांनी हुकूम पाळला. दुपारपर्यंत फाटकासमोर रस्त्यावर पोत्यांची अशी भिंत उभी राहिली की मिलचे भरलेले ट्रक आतच अडकले. शेठ धापा टाकत माझ्याकडे आले.

“आपने क्या लिख दिया?”

“इंग्रजी,” मी म्हणालो.

“तो बदलो! लोग डर नहीं रहे, पालन कर रहे हैं!”

दुसरा किस्सा एका सरपंचांचा. त्यांना दिल्लीहून कुठल्याशा योजनेच्या साहेबाचं पत्र आलं. पहिलीच ओळ होती, ‘होप यू आर कीपिंग वेल’. पत्र ग्रामपंचायतीत कोणीतरी वाचून दिलं होतं आणि सरपंच उत्तराचा कच्चा मसुदा मराठीत तयार करूनच माझ्याकडे आले होते. ‘आपण विहिरीबाबत विचारणा केली. गावात सार्वजनिक विहिरी दोन, पैकी एक गाळाने बुजलेली. दुसरीचे पाणी होळीपर्यंत पुरते. तरी तिसरीस तातडीने मंजुरी द्यावी.’ मी त्यांना समजावलं की साहेबांनी विहीर नाही, तब्येत विचारली आहे. सरपंचांनी मसुदा पुन्हा माझ्याकडं सरकवला.

“माझी तब्येत विचाराले त्यायले का काम?” ते म्हणाले. “विहीरच विचारली असन. जाऊ द्या तसंच.”

मी तसंच इंग्रजी करून दिलं. विहीर मिळाली की नाही माहीत नाही. त्या साहेबानं मात्र नंतर कोणाची खुशाली विचारायचं धाडस केलं नसेल.

हे दोन किस्से मी लग्नांत, बारशांत, तेराव्यालासुद्धा सांगत आलो. लोक हसतात, मला हुशार समजतात. त्याच शब्दाचा तिसरा प्रसंग मी कुठेच सांगत नसे. त्यात हसण्यासारखा मीच होतो.

शेवंताबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या त्यांच्या वकीलसाहेबांबरोबर. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत, डोळे मात्र असे की समोरच्याच्या शर्टाची तुटलेली गुंडीसुद्धा सुटू नये. ऐन तारुण्यात नवरा गेला होता. पुढं देवाजी नावाच्या विधुर माणसाशी गावानं त्यांचा पाट लावून दिला. पाट म्हणजे आमच्याकडे विधवेचं रीतसर दुसरं लग्न. त्याला बँडबाजा नसतो, पत्रिका नसते आणि अर्थातच सर्टिफिकेट नसतं. देवाजी केंद्र सरकारच्या एका डेपोच्या फाटकावर नोकरीला होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांत वारला. बाईंनी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, आणि देवाजीच्या पुतण्यानं, ज्याचा काकाच्या घरावर डोळा होता, कार्यालयाला लिहून कळवलं की ही बाई माझ्या काकाची लग्नाची बायको नव्हतीच. म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं होतं, आणि वरचे साहेब परप्रांतातले म्हणून ते इंग्रजीत.

“काय झालं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा,” मी म्हणालो.

शेवंताबाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. “पंचायीच्या समोर पाट लागला. गावाले जेवन देल्लं. अना एकवीस वर्स त्यायनं मले सुखानं ठेवलं.”

एवढं स्वच्छ बोलणारा पक्षकार मला वर्षात एखादाच भेटे. मी टाइप करायला घेतलं तर वकीलसाहेब घड्याळाकडं पाहत म्हणाले, “पाट-बिट कायले लिहिता? साहब को क्या समझेगा? त्याले बसायचा पाट वाटेल नाहीतर पाण्याचा. जेवणही काढा. शॉर्ट में करो, मला दुसऱ्या कोर्टात तारीख आहे.”

पाटाला इंग्रजीत नेमका शब्द नाही, हे मला माहीत होतं. अशा वेळी दोन ओळींत समजावून लिहायचं असतं, हेही माहीत होतं. पण बाहेर तिघे जण खोळंबले होते, आणि पाटीवर ‘शीघ्र’ आधी होतं. मी पाट काढला, जेवण काढलं. उरलं ते सुखानं ठेवलं. त्याचं मी झोकात इंग्रजी केलं, ‘ही केप्ट मी इन कम्फर्ट’. वाक्य कानाला इतकं गोड लागलं की मी स्वतःवरच खूश झालो. खाली छापील ओळ होतीच : ‘सदर मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला व तो मला समजला.’ कोणी वाचून दाखवला नाही. त्या ओळीखाली शेवंताबाईंनी दुसरी पास झालेल्या बाईच्या काळजीनं एकेक अक्षर कोरत सही केली आणि मी शिक्का मारला.

चारेक महिन्यांनी त्या एकट्याच आल्या. हातात लिफाफा.

“भाऊ, हे वाचून द्या. वकीलसाहेब म्हनते काम झालं नाई. काऊन झालं नाई ते सांगून नाई राहिले.”

मी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदार बाईनं स्वतःच्या शपथेवरच्या निवेदनात, मृत कर्मचाऱ्यानं आपल्याला ‘केप्ट’ असं मान्य केलेलं आहे. सबब ती त्याची विवाहित पत्नी होत नाही. अर्ज नामंजूर.

माझ्या तोंडून आधी खोटंच निघालं. “कागद अपुरे आहेत म्हणतात.”

“तुमी दोन खेपा वाचले, भाऊ,” त्या म्हणाल्या. “कागद अपुरे आहेत हे एका खेपेत समजते.”

मग सांगावंच लागलं. इतकी वर्षं मी मराठीचं इंग्रजी करत होतो. माझ्याच इंग्रजीचं, ज्या माणसाचं ते होतं त्याच्या तोंडावर, पुन्हा मराठी करायची पाळी पहिल्यांदाच आली. “त्यांनी लिहिलंय, तुम्ही स्वतःच कबूल केलं की तुम्ही देवाजीची... ठेवलेली बाई होतात.”

“म्या कबूल केलं?”

“प्रतिज्ञापत्रात तसं आहे.”

“म्या तं सुखानं ठेवलं म्हनलं.”

“हो.”

“मंग सुखानं कुठं गेलं?”

“ते आहे,” मी म्हणालो. “त्यामुळंच जास्त बिघडलं.” इंग्रजीत बायकोला आरामात ‘कीप’ करत नाहीत, दुसऱ्या बाईला करतात, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं समजावणार होतो?

“अना पाट?”

“काढला.”

“कोनं काढला?”

वकिलाचं नाव जिभेवर आलं होतं. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. “मी,” मी म्हणालो.

शेवंताबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. “मी काय गंज हाओ का घागर, ठेवाले?” एवढंच म्हणाल्या. मग तो लिफाफा त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवला, समोरच्या बाकावर पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, “जे खरं हाय ते लिवा आता. मी बसून हाओ.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या बसून होत्या. येणारी गिऱ्हाइकं “या बाई कोण?” म्हणून विचारत, आणि त्याच उत्तर देत, “याह्यनं माझा पाट काढला, तो वापस घ्याले आली.”

त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा ‘कीप’ हा शब्द नीट उघडून पाहिला. माझ्याकडे एक जाडजूड इंग्रजी कोश होता. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून तो मी टेबलावर ठेवत असे, उघडत क्वचितच. त्यात या चार अक्षरांच्या शब्दानं मोठमोठे रकाने अडवले होते. शब्द फार जुना. इंग्रजीच्या बाकीच्या साध्या शब्दांना आजूबाजूच्या भाषांत भाऊबंद सापडतात, याला एकही खात्रीचा नातेवाईक नाही. कोशानं शेवटी हात टेकून लिहिलं होतं, मूळ अज्ञात. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या आईबापाचा पत्ता नाही तो शब्द शेवंताबाईंच्या लग्नाचा दाखला मागत होता! जुने अर्थ मात्र लिहून होते : धरणे, लक्ष देणे, नजर ठेवणे, जपणे, सांभाळणे. किल्ल्याच्या आतल्या सगळ्यात भक्कम बुरुजालासुद्धा इंग्रजीत ‘कीप’च म्हणतात. दिलेला शब्द पाळणं, तेही ‘कीप’. बाई तेवढी ‘कीप’ झाली की बदनाम.

आपल्या भाषेनंही फार शहाणपणा केलेला नाही. ठेवणेचं कूळ संस्कृतातल्या स्थापनेपर्यंत जातं. आपण गणपती बसवतो ती स्थापना, आणि बाईच्या मागं लागतं ते ठेवलेली. हिंदीतलं रखना निघालं रक्षणातून. त्यातूनच राखी आली आणि त्यातूनच रखेल. रक्षण करणाऱ्यानं नाव कमावलं, जिचं रक्षण झालं तिनं घालवलं. एवढं सगळं समजायला मला सव्वीस वर्षं धंदा करावा लागला.

मी दोन कागद तयार केले. एक, शेवंताबाईंचं नवं प्रतिज्ञापत्र, पाट म्हणजे काय ते पाच ओळींत समजावून, गावजेवणासकट. या वेळी वाक्यावाक्याला त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा दुरुस्ती सांगितली. दुसरा कागद माझा स्वतःचा : आधीचं भाषांतर सदोष होतं, मजकूर गाळला होता, दोष माझा. वकीलसाहेबांना तो दाखवला तर त्यांचा चेहरा पडला.

“पागल हो गए क्या? असं लिहून द्याल तर उद्या कोणीही येईल अन् तुमचे जुने सगळे कागद उकरेल. उन पर आपका ठप्पा है.”

“म्हणूनच लिहितो आहे.”

“तुमचं दुकान बसेल.”

“तुमची तारीख आहे ना? निघा तुम्ही,” मी म्हणालो. दोन्ही कागद पाठवल्यावर नागपूरच्या कार्यालयानं सुनावणी ठेवली, तिला ते आले नाहीत. त्यांना खरंच तारीख होती, असं मी समजून चालतो.

सुनावणीला मी आणि शेवंताबाई सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. गाडीत त्यांनी मला भाकर-चटणी खाऊ घातली. तुमसर मागं पडलं. मग म्हणाल्या, “तिथं तुमीच बोला. मले रागात काही निघालं तं काम बिघडन.” मी होकार दिला.

साहेब चष्मेवाले, नीटनेटके, इंग्रजीवर जीव असलेले. टेबलावर दोन शिसपेन्सिली, दोन्हींना सारखं टोक. बाजूला दोन कारकून, दाराशी शिपाई. साहेबांनी माझा कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“तो आप ये कह रहे हैं कि आपको इंग्लिश नहीं आती?”

“येते साहेब. त्या दिवशी वापरली नाही.”

“कीप मतलब रखना. इस औरत ने कहा रखा, आपने लिखा केप्ट. गलती कहाँ है?”

मी म्हटलं, “साहेब, याच फायलीत देवाजीचं पद काय लिहून आहे ते वाचा.”

त्यांनी पान उलटलं. “गेटकीपर.”

“तुमच्याच खात्यानं जन्मभर त्याला कीपर म्हटलं. फाटक जपणारा, सांभाळणारा, असाच अर्थ धरला ना? त्यानं फाटक ठेवून घेतलं होतं, असा नाही धरला. मग तोच माणूस ड्यूटीवरून घरी गेला की शब्दाचा अर्थ कसा बदलतो?”

माझं हे भाषण मी गाडीत मनातल्या मनात आठ वेळा घोटलं होतं. मला वाटलं, साहेब खुर्चीतून उठून हात मिळवतील. साहेबांनी पेन्सिल सरळ केली आणि म्हणाले, “फाटक में और औरत में फर्क होता है.”

आमच्या बोलण्यातलं इंग्रजी शेवंताबाईंना कळत नव्हतं, पण हे हिंदी वाक्य त्यांना नीट कळलं. मी बोलायच्या आत त्या पुढं सरकल्या.

“साहेब, एक विचारू का जी? तुमी घरच्या बाईले कसं ठेवता?”

दोन्ही कारकुनांनी माना वर केल्या.

“क्या?”

“सुखानं ठेवता का दुखानं?”

दोन कारकून आणि एक शिपाई समोर असताना माणूस दुसरं काय उत्तर देणार? “सुख से,” साहेब म्हणाले.

“मंग ते बी ठेवलेलीच का?”

शिपायानं तोंड भिंतीकडं फिरवलं. एका कारकुनाला अचानक खोकला आला. साहेब लाल झाले. आता आम्हाला हाकलणार, असं मी धरून चाललो. पण माणूस पोशाखाइतकाच आतूनही नीटनेटका निघाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जुनं पान पाहिलं, नवं पाहिलं. मग मला नाही, शेवंताबाईंना विचारलं, “पाट किसने देखा था? कोई है अभी?”

देवाजीची थोरली बहीण होती. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत चालणारी. चौकशीला अधिकारी गावात आले तेव्हा तिनं सांगितलं की पाटाच्या वेळी शेवंताला चोळी मीच दिली, बांगड्या मीच भरल्या, आणि तो तक्रार करणारा पुतण्या त्या जेवणात तीनदा वाढून घेत होता. पुतण्याला हे खोडता आलं नाही, कारण पंगतीत त्याच्या शेजारी बसलेले दोघे जण तिथंच उभे होते.

तरी निकाल यायला आणखी एक पोळा उलटला. पत्र आलं तेव्हा शेवंताबाई ते बंद लिफाफ्यातच घेऊन माझ्याकडं आल्या. मी वाचलं. एकदाच वाचलं. अर्ज मंजूर होता. त्यांनी ते आधी मराठीत ऐकलं, मग इंग्रजीत मोठ्यानं वाचायला लावलं, मग म्हणाल्या, “बायको कुठं लिवून हाय, बोट ठेवून दाखवा.” मी दाखवलं. त्यांनी त्या शब्दाकडं बराच वेळ पाहिलं. ओळखीचं कोणी लांबून येताना दिसावं, तसं.

“आता ठप्पा मारा.”

“याला माझा शिक्का लागत नाही, बाई. सरकारी पत्र आहे.”

“मारा ना, बापा. मांगच्या खेपेले खोट्यावर मारला. आता खऱ्यावर मारा.”

मी पाकिटाच्या पाठीमागं शिक्का मारला. कायद्याच्या दृष्टीनं त्याला शून्य किंमत होती. एकतीस वर्षांत मारलेल्या शिक्क्यांपैकी तेवढ्या एकाबद्दल मी कुठंही शपथ घ्यायला तयार आहे.

त्यानंतर माझं दुकान बसलं नाही. वकीलसाहेबांनी कामं देणं बंद केलं, बाकीच्यांनी चालू ठेवलं. त्यांना तेवढाच एक शहाणा स्वस्तात मिळत होता. बसलं ते फोनमुळं. आता शेतकऱ्याचा नातूसुद्धा कागदाचा फोटो काढतो आणि क्षणात भाषांतर हजर. एकदा मी गंमत म्हणून फोनमध्ये शेवंताबाईंचं वाक्य घालून पाहिलं. त्यानंही ‘केप्ट’च लिहिलं. त्याला दोष देत नाही. माझ्यासारख्यांचे ढीगभर कागद वाचूनच तो शिकला असणार. गेल्या साली दुकानाची पाटी उतरवली आणि फुलचूरला घरी बसलो.

दुकान आवरताना जुन्या प्रतींचे गठ्ठे निघाले. वकीलसाहेबांची ती धमकी मला आठवली, उद्या कोणीही येईल आणि उकरेल. कोणीच आलं नव्हतं. मग मीच उकरले. हिवाळाभर अंगणात उन्हाला बसून एकेक कागद पाहिला. बायकोला वाटलं, निवृत्तीनं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

तो शब्द मला आणखी तीन बायकांच्या कागदांत सापडला. अक्षरं माझी, शिक्का माझा. दोघींचा ठावठिकाणा लागला नाही. तिसरी कौसाबाई, बोदलकसा तलावाच्या बाजूच्या गावातली. नवरा मेल्यावर दिरानं घराबाहेर काढलं म्हणून ती भांडली होती. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, कागद इंग्रजीत गेले आणि ती हरली. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ‘केप्ट’मुळंच हरली, असं मी म्हणू शकत नाही. नसेल, असंही म्हणू शकत नाही.

मी एसटीनं तिरोड्याला गेलो, तिथून ऑटोनं गावात. म्हातारी कुडाच्या सावलीत बसून मासळीचं फाटलेलं जाळं विणत होती. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं.

“काऊन आलात?” ती म्हणाली.

मी कागद काढला आणि एकोणीस वर्षांपूर्वी वाचून दाखवायला हवा होता तो मजकूर तिला वाचून दाखवला. आधी इंग्रजी, मग त्याचा कोर्टानं काय अर्थ घेतला असेल तो, मग तिनं मुळात काय सांगितलं असेल तो. तिचे हात थांबले नाहीत. जाळ्याचं एकेक भोक बांधलं जात होतं.

“मले वाटलं, साहेबाले मी खोटी दिसली,” ती म्हणाली. “तवा वाचून दाखवले असते तं भांडली असती. लय भांडली असती.”

“अजूनही काही करता आलं तर...” मी सुरुवात केली.

“घर तं कवाच पडलं, जी. दीरही मेला. कोनासंग भांडू?”

मी कागदाची घडी घातली. तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला. मग जाळ्यातून पहिल्यांदा मान वर केली.

“इंग्रजीत का म्हनतेत त्याले?”

“कीप.”

“येवढुसाच?” म्हातारी म्हणाली, आणि तिनं दातानं सूत तोडलं.